किती पट वाढला, आणि काय खाऊन?

जनुकीय बदल केलेल्या माशांविषयी कुठेही वाचायला घेतले, की पहिल्या दोन-चार वाक्यांतच ‘अमुक पट’ हे शब्द भेटतात. अकरा पट वजनाचा मासा, दुप्पट वेगाने वाढणारा मासा, पस्तीस पट वाढलेला मासा. हे आकडे खोटे नाहीत. परंतु माझे काम माशांच्या खाद्याचे आहे, आणि असा आकडा समोर आला की मी आधी त्या प्रयोगातील खाद्याचा तक्ता शोधते. मासा कोणत्या माशाच्या तुलनेत इतका वाढला, आणि काय व किती खाऊन वाढला, हे कळल्याशिवाय त्या ‘पट’ला मला अर्थ लावता येत नाही. जनुक आणि आहार यांच्या परिणामांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. त्यातली एक बाजू शून्याकडे झुकली, की दुसरी कितीही भक्कम असली तरी हाती फारसे काही लागत नाही. हे मी अनुभवाने शिकले, पण त्याआधी इतरांच्या संशोधनातून वाचले होते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

माशाच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक रक्तात सोडले जाते. ते यकृतापर्यंत पोहोचले की यकृत आयजीएफ-१ नावाचे दुसरे संप्रेरक तयार करते, आणि हाडांची व स्नायूंची प्रत्यक्ष वाढ मुख्यतः या दुसऱ्या संप्रेरकाच्या जोरावर होते. मासा थंड रक्ताचा प्राणी असल्यामुळे त्याची वाढ पाण्याच्या तापमानाबरोबर खाली-वर होते. शिवाय सॅल्मनसारख्या थंड प्रदेशातील माशांमध्ये हिवाळ्यात, दिवस लहान झाल्यावर, संप्रेरकाची निर्मितीच मंदावते. निसर्गात हे शहाणपणाचे आहे, कारण त्या दिवसांत खायलाही कमीच मिळते. शेतीत मात्र खाद्य बाराही महिने हाताशी असते आणि मासा ते मनापासून घेत नाही.

हीच अडचण जनुकाच्या बाजूने सोडवण्याचा विचार १९८२ मध्ये सुरू झाला, असे म्हणता येईल. त्या वर्षी अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी उंदराच्या फलित अंड्यांत घुशीच्या वाढसंप्रेरकाचे जनुक घातले आणि त्यांतून जन्मलेले काही उंदीर नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट मोठे वाढले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८५ मध्ये, चीनमधील झू झुओयान यांच्या गटाने गोल्डफिशमध्ये मानवी वाढसंप्रेरकाचे जनुक घातल्याचे प्रसिद्ध केले. जनुक बदललेला तो पहिला मासा. आणि १९८९ मध्ये कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात तो अटलांटिक सॅल्मन तयार झाला, ज्याच्यावर पुढची तीस-पस्तीस वर्षे वाद झडले. त्याच्यामध्ये चिनूक या दुसऱ्या सॅल्मनच्या वाढसंप्रेरकाचे जनुक आहे. पण खरी हुशारी त्या जनुकाला जोडलेल्या प्रवर्तकात आहे. प्रवर्तक म्हणजे जनुक केव्हा आणि कुठे चालू व्हावे हे ठरवणारा डीएनएचा तुकडा. हा तुकडा ओशन पाउट नावाच्या माशाकडून घेतला. ओशन पाउट गोठणबिंदूच्या आसपासच्या पाण्यात राहतो आणि रक्त गोठू नये म्हणून एक प्रथिन यकृतात तयार करत राहतो. त्या प्रथिनाचा प्रवर्तक सॅल्मनच्या वाढसंप्रेरकाला जोडल्यावर संप्रेरक पियुषिकेऐवजी यकृतासारख्या अवयवांतून, तेही हिवाळा-उन्हाळा न पाहता, मिळू लागले.

परिणाम असा झाला, की साध्या अटलांटिक सॅल्मनला विक्रीच्या वजनापर्यंत पोहोचायला अडीच-तीन वर्षे लागतात, तिथे हा मासा सुमारे दीड वर्षात पोहोचतो. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा मासा राक्षसी आकाराचा होत नाही. त्याचा अंतिम आकार साध्या सॅल्मनसारखाच असतो, तो फक्त तिथे लवकर पोहोचतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याला खाद्य म्हणून मान्यता दिली, कॅनडाने २०१६ मध्ये दिली आणि २०१७ मध्ये कॅनडात त्याची पहिली विक्री झाली. डिसेंबर २०२४ मध्ये हा मासा विकणाऱ्या कंपनीने मत्स्यपालनच थांबवल्याचे जाहीर केले. त्यामागची कारणे मुख्यतः पैशांची होती, मासा वाढत नव्हता म्हणून नव्हे.

अकरा पटीचा आकडा वेगळ्या माशाचा आहे. कॅनडाच्याच पश्चिम किनाऱ्यावर रॉबर्ट डेव्हलिन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये कोहो सॅल्मनवरील काम प्रसिद्ध केले. जनुक घातलेले मासे साध्या भावंडांपेक्षा सरासरी अकरा पट जड भरले, आणि एक तर सदतीस पट. हा निकाल जगभर गाजला. परंतु त्याच गटाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला दुसरा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याची चर्चा फार कमी झाली याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यात त्यांनी रेनबो ट्राउटचे दोन वाण घेतले. एक रानटी, सावकाश वाढणारा. दुसरा पिढ्यान्‌पिढ्या शेतीत निवड करून वेगाने वाढणारा केलेला. दोन्हींत वाढसंप्रेरकाचे जनुक घातले. रानटी वाणातील मासे आपल्या साध्या भावंडांच्या सतरा पट झाले. शेतीतल्या वाणात मात्र जवळजवळ फरकच पडला नाही. त्याहून बोलके म्हणजे, जनुक घातलेला रानटी मासा इतका वाढूनही जनुक न घातलेल्या शेतीतल्या माशाच्या पुढे काही जाऊ शकला नाही.

याचा अर्थ असा, की कित्येक पिढ्यांच्या निवडीने शेतकऱ्यांनी आणि पैदासकारांनी जी जागा आधीच भरून काढली होती, तिथे नव्या जनुकाला शिरायला वाव उरला नव्हता. नॉर्वेमध्ये १९७०च्या दशकापासून सॅल्मनची कुटुंबनिहाय निवड सुरू आहे. तिलापियाचा जिफ्ट हा सुधारित वाण १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमातून आला आणि त्यात पहिल्या काही पिढ्यांमध्ये दर पिढीला १० ते १५ टक्के वाढ मिळत गेली. सहा पिढ्यांचे हे चक्रवाढ व्याज मांडून पाहिले, तर वजन दुपटीच्या आसपास जाते, आणि तेही प्रयोगशाळेत एकाही जनुकाला हात न लावता. तेव्हा ‘अमुक पट’ ऐकल्यावर तुलनेतला मासा रानटी होता की निवडलेला, हे विचारणे अगत्याचे आहे.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे खाण्याकडे, येते.

जनुक घातलेले मासे जास्त वाढतात त्याचे सर्वांत मोठे कारण ते जास्त खातात, हे आहे. कोहो सॅल्मनच्या प्रयोगांत एक गट असा ठेवत, की ज्यातल्या जनुक घातलेल्या माशांना मोजून तेवढेच खाद्य द्यायचे, जेवढे साधे मासे आपणहून खातात. या गटाची वाढ साध्या माशांच्या जवळपास येऊन थांबे. जनुक तेच, प्रवर्तक तोच, पाणीही तेच. फक्त वाढीव घास काढून घेतला, की बहुतेक फरक नाहीसा. अटलांटिक सॅल्मनच्या बाबतीत खाल्लेल्या खाद्याचे मांसात रूपांतरही काही प्रमाणात सुधारलेले दिसले आहे, त्यामुळे सगळे श्रेय भुकेला देणे योग्य होणार नाही. तरीही वाटा मोठा भुकेचाच. जपानमध्ये २०२१ मध्ये विक्रीला आलेल्या दोन माशांची तुलना इथे उद्बोधक आहे. या दोन्हींमध्ये परके जनुक घातलेले नाही, स्वतःचेच एक जनुक बंद केले आहे. मादाई या माशात मायोस्टॅटिन हे स्नायूंची वाढ रोखणारे जनुक बंद केले, त्यामुळे खाण्याजोगा भाग साध्या माशाच्या सुमारे १.२ पट भरतो. तोराफुगू या पफर माशात लेप्टिन या तृप्तीच्या संप्रेरकाची खूण ओळखणारा ग्राहक बंद केला. त्या माशाला पोट भरल्याचे कळत नाही. तो खात राहतो आणि जवळजवळ दुप्पट वेगाने वजन घेतो. म्हणजे ज्याला आपण जनुकीय वाढ म्हणतो, ती दुसऱ्या माशात सरळसरळ आहारातील वाढच आहे, फक्त जनुकाच्या वाटेने आलेली.

उपाशी माशाच्या रक्तात काय होते, ते मला या सगळ्या विषयातील सर्वांत सुंदर प्रकरण वाटते. मासा उपाशी राहिला की वाढसंप्रेरक कमी होईल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते वाढते. मात्र त्याच वेळी यकृत त्याच्याकडे कानाडोळा करू लागते. यकृतावरील ग्राहक कमी होतात आणि आयजीएफ-१ खाली जाते. मग रक्तातले ते भरपूर संप्रेरक वाढीच्या कामी न येता साठवलेली चरबी वितळवण्याच्या कामी लागते. आदेश तोच, पण घरात धान्य नसेल तर त्याचा अर्थच बदलतो. आता बाहेरून घातलेल्या जनुकामुळे ज्याच्या रक्तात हे संप्रेरक सदैव जास्त असते, त्या माशावर उपासमारीची वेळ आली तर काय होईल, याचा अंदाज करता येतो, आणि प्रयोगांनी तो खरा ठरवला आहे. असे मासे साध्या माशांपेक्षा जास्त प्राणवायू वापरतात आणि उपाशी राहिल्यास शरीरातला साठा लवकर संपवतात. डेव्हलिन यांच्या गटाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात साधे आणि जनुक घातलेले कोहो एकत्र ठेवले होते. खाद्य मुबलक असताना सगळे सुखाने नांदले. खाद्य कमी केल्यावर जनुक घातलेले काही मासे दांडगाई करू लागले, सोबत्यांना खाऊ लागले आणि कित्येक टाक्यांमधील जवळजवळ सगळी संख्या कोसळली. फक्त साधे मासे असलेल्या टाक्या तेवढ्याच कमी खाद्यावर तगून राहिल्या.

माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी एका केंद्रात आम्ही सुधारित वाणाच्या तिलापियाच्या पिलांवर वाढीची चाचणी घेत होतो. खाद्याची पोती मागवली ती गरजेपेक्षा जास्त, आणि ती पत्र्याच्या छपराखालच्या गरम खोलीत महिनोन्‌महिने पडून राहिली. तारखा तपासण्याची जबाबदारी माझी होती आणि मी ती पार पाडली नाही. पिले सुरुवातीला झपाट्याने वाढली. मग एका वजनाच्या दिवशी ओल्या फडक्यावर घेतलेला एक मासा मला सरळ ठेवताच येईना. डोके एका बाजूला, शेपूट दुसऱ्या बाजूला, आणि मधली पाठ नागमोडी. बोट फिरवले तर मणक्यांच्या मधोमध उंचवटा लागत होता. त्यानंतर बादलीत पाहिले तेव्हा तसे आणखी दिसले, आणि त्यांतले बरेचसे सर्वांत वेगाने वाढलेल्यांपैकी होते.

मासे, काही मोजके अपवाद सोडले तर, जीवनसत्त्व क स्वतः तयार करू शकत नाहीत. ते खाद्यातूनच मिळावे लागते, आणि साध्या रूपात ते उष्णतेने व हवेने लवकर नष्ट होते. म्हणूनच आता खाद्यात त्याचे फॉस्फेटशी जोडलेले टिकाऊ रूप वापरतात. क नसेल तर हाडांना बळकटी देणारे कोलॅजेन हे प्रथिन नीट बांधले जात नाही, आणि ज्या सांगाड्यावर स्नायू भराभर चढत आहेत तोच वाकतो. सावकाश वाढणारा मासा हा तुटवडा काही काळ झाकून नेतो. वेगाने वाढणाऱ्याला तेवढी सवड मिळत नाही. त्या दिवसापासून ‘चांगले बीज आहे, खाद्य जेमतेम असले तरी चालेल’ हे वाक्य मी कोणालाही बोलू देत नाही. बीज जितके चांगले, तितके खाद्य अधिक काटेकोर हवे.

खाद्यात सर्वांत महाग घटक प्रथिनांचा. मांसाहारी सॅल्मनच्या खाद्यात ती साधारण ४० टक्क्यांच्या आसपास लागतात, तर तिलापियाच्या मोठ्या माशाला ३० टक्क्यांच्या आसपास पुरतात. पण टक्केवारी हा वरवरचा हिशेब झाला. माशाला दहा अमिनो आम्ले बाहेरून मिळावी लागतात आणि त्यांतले जे सर्वांत कमी पडते, बहुधा लायसिन किंवा मेथिओनिन, तिथे वाढ अडते. उरलेली प्रथिने मग ऊर्जा म्हणून जळतात आणि त्यांतला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांतून पाण्यात जातो. एक किलो सॅल्मनसाठी सुमारे सव्वा किलो खाद्य पुरते, असे कौतुकाने सांगितले जाते. ते खरेच आहे, कारण माशाला शरीर उबदार ठेवायला किंवा स्वतःचा भार पेलायला ऊर्जा खर्चावी लागत नाही. मात्र खाद्य जवळजवळ कोरडे असते आणि माशात दोन तृतीयांशाच्या आसपास पाणी असते, हे विसरून ते गुणोत्तर वाचू नये.

पूर्वी हा सगळा हिशेब फिशमील, म्हणजे सुक्या माशांची भुकटी, आणि माशाचे तेल आपोआप जुळवून देत असत. नॉर्वेतील सॅल्मनच्या खाद्यात १९९० मध्ये सुमारे ९० टक्के घटक समुद्रातून आलेले होते; २०१३ पर्यंत ते प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आले. जागा घेतली सोया, गहू आणि वनस्पतिजन्य तेलांनी. समुद्रावरचा भार हलका झाला हे चांगलेच झाले, परंतु माशाच्या आतड्याने लगेच तक्रार केली. साधी सोयाबीन पेंड जास्त झाली की सॅल्मनच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते, आतल्या घड्या आखूड होतात आणि वाढ मंदावते. सोयामधील सॅपोनिन हे त्याचे एक मुख्य कारण. शुद्ध केलेले सोया प्रथिन दिल्यास हा त्रास बराचसा टळतो. शिवाय वनस्पतींमधील फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि माशाला तो सोडवून घेता येत नाही, म्हणून खाद्यात फायटेज हे विकर मिसळावे लागते.

इथेही जनुकांनी दुसऱ्या बाजूने वाट काढली आहे. अमेरिकेत रेनबो ट्राउटची अनेक पिढ्या वनस्पतिजन्य खाद्यावरच निवड करण्यात आली, आणि त्या वाणाच्या आतड्याला सोयाबीन पेंडीने सूज येत नाही असे आढळले. म्हणजे एकच पेंड एका वाणाला बाधते आणि दुसऱ्याला पचते. आणि ओमेगा-३चे काय? स्कॉटलंडमधील शेतीच्या सॅल्मनमध्ये ईपीए आणि डीएचए या मेदाम्लांचे प्रमाण २००६ ते २०१५ या काळात सुमारे निम्म्यावर आले, कारण खाद्यातले माशाचे तेल कमी झाले होते. ही मेदाम्ले मूळची सूक्ष्म शैवालांची. आता त्यांची जनुके कॅमेलिना आणि कॅनोलासारख्या तेलबियांमध्ये घालून तशी मेदाम्ले असलेले तेल शेतात पिकवता येते. ऑस्ट्रेलियात अशा कॅनोलाला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. मासा साधाच राहतो, बदललेले असते त्याचे जेवण. जनुकीय बदलाच्या चर्चेत हा भाग क्वचित येतो, आणि मला तर तो माशाच्या शरीरात जनुक घालण्याइतकाच दूरगामी वाटतो.

शेवटचा मुद्दा त्रिगुणित माशांचा. शेतीतून निसटलेल्या माशांनी रानात पैदास करू नये, म्हणून अंड्यांना फलनानंतर थोड्या वेळाने मोठा दाब देऊन गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच ठेवतात. असा मासा सहसा वांझ निघतो, आणि वर उल्लेख केलेला जनुक बदललेला सॅल्मन असाच त्रिगुणित व सर्व माद्यांचा ठेवला जाई. पण नॉर्वे आणि स्कॉटलंडमधील कामातून दिसले, की साध्या सॅल्मनला पुरणारा फॉस्फरस त्रिगुणित सॅल्मनला पुरत नाही आणि त्याच्या मणक्यांत विकृती वाढतात. साध्या सॅल्मनला पुरणारे हिस्टिडिन हे अमिनो आम्ल त्याला पुरत नाही आणि डोळ्यांत मोतीबिंदू होतो. खाद्यात दोन्ही वाढवले, की दोन्ही तक्रारी कमी होतात. पूर्वी त्रिगुणित मासा मुळातच कमजोर असतो असे मानले जाई. त्यातला निदान काही भाग कमजोरीचा नव्हता, चुकीच्या ताटाचा होता.

त्यामुळे कोणत्याही नव्या वाणाच्या चाचणीत एक पेच राहतो. दोन्ही वाणांना एकच खाद्य दिले, तर ते सहसा जुन्या वाणाच्या गरजेवर बेतलेले असते आणि नव्यावर अन्याय होतो. प्रत्येकाला त्याच्या गरजेचे वेगळे खाद्य दिले, तर आलेला फरक वाणाचा की खाद्याचा, हे सांगता येत नाही. याला मला एकच उपाय माहीत आहे. दोन वाण आणि दोन खाद्ये यांच्या चारही जोड्या लावायच्या, आणि प्रत्येक जोडीला निदान तीन टाक्या द्यायच्या. बारा टाक्या, एकच पाणी, एकच तापमान, आणि पोत्यांवरच्या तारखा दर आठवड्याला वाचायच्या.